तीर्थाबरोबर दिलेल्या गोळ्या

देवावर चिडण्यात तेव्हा माझा हात कोणी धरला नसता. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आम्ही इंग्लंडात लीड्सला राहत होतो. माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणायचे, चौऱ्याऐंशीच्या होत्या. साखर, ब्लडप्रेशर, हृदय, गुडघे, आणि या सगळ्यांच्या मिळून दिवसाला अकरा गोळ्या. दोन महिने त्यांना सारखी चक्कर येत होती. एकदा बाथरूमच्या दारात पडल्या, एकदा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर. आता पडल्या तर उठायच्या नाहीत, ही धास्ती मला खात होती. मी आधी नारळ बोलले, मग पारायण केलं, मग दृष्ट काढली. चक्कर काही जाईना. एवढं करूनही देव ढिम्म, म्हणजे काय!

चक्कर का येते हे जीपीला, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरला, विचारावं, असं मला एकदाही वाटलं नाही. विचारायचं कशाला? मी बी.एस्सी. केमिस्ट्री होते ना! ती पदवी घेतल्यावर मी टेस्ट ट्यूबला हात लावला नव्हता, पण मिरवायला ती पुरेशी होती. अठ्ठावन्न वर्षांची ती शहाणी बाई आज भेटली तर मी तिचा कान धरून त्याच्या दवाखान्यात नेऊन बसवीन. बाईंनी गोळ्यांची काय व्यवस्था लावली होती म्हणता? खोकी जागा अडवतात म्हणून सगळ्या गोळ्या सोडवून मिसळणाच्या जुन्या डब्यात भरल्या होत्या. सात वाट्या, सात वार. मोहरीच्या वाटीत सोमवार, हळदीच्या वाटीत मंगळवार. घासून धुतला होता हो, तरी मंगळवारच्या गोळ्या पिवळट दिसायच्याच. आल्यागेल्याला मी तो डबा कौतुकानं उघडून दाखवत असे.

त्यात माझ्या नणंदेनं पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी साखरेवरच्या गोळ्या पाठवल्या. ‘आपल्याकडच्या डॉक्टरांच्या आहेत, आईला मानवतील.’ नाव वेगळं, खोकं वेगळं. मी म्हटलं, असू दे, दोन्ही देऊ. इथल्याही आणि तिथल्याही. लेकीचं मन राखलं आणि सुनेचं कर्तव्यही झालं.

शिवाय आईंचा गुरुवार. सकाळपासून पोटात काही नाही, संध्याकाळी आरती झाली की जेवायचं. पन्नास वर्षांचा नेम. मग सकाळच्या गोळ्यांचं काय? त्यावर आम्ही सासू-सुनांनी मिळून शास्त्र काढलं होतं. गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडतो, तीर्थाबरोबर घेतली तर मोडत नाही. आई हात पुढे करायच्या, मी पळीभर तीर्थ आणि गोळ्या एकदमच द्यायचे. गंमत म्हणजे चक्कर गुरुवारीच जास्त यायची, आणि मला ती देवाची परीक्षा वाटायची.

अशाच एका गुरुवारी, दुपारचे साडेबारा झाले असतील, आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागल्या. हाक मारली तर म्हणाल्या, “अगं, म्हशीला पाणी दाखव.” घरात म्हैस! यांना ऑफिसात फोन लावला, उचलला नाही. मग देवासमोर उभी राहिले आणि हात जोडायचेही विसरून भांडले. “दत्तात्रेया, माझ्याच्यानं होत नाही आता. येतोस की नाही?”

दारावरची बेल वाजली.

खरं सांगते, मला भक्तिभाव वगैरे काही आला नाही. वैताग आला. या वेळी कोण तडमडलं म्हणून दार उघडलं, तर आमच्या केमिस्टकडची फार्मासिस्टबाई. एरवी काउंटरच्या मागे असायची. हातात औषधांची पिशवी, कोटाला कुत्र्याचे केस. त्यांचा ड्रायव्हर आजारी होता, म्हणून ही स्वतः निघाली होती. पिशवी आमची नव्हतीच, शेजारच्या बाईंची होती. त्या दार उघडत नव्हत्या, कुठे गेल्यात माहीत आहे का, एवढंच विचारायला ती आली होती. मी “नो आयडिया” म्हणून दार लोटणार, तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली.

“इज शी ऑल राइट, लव्ह?”

उत्तराची वाट न बघता ती बूट घालून थेट आत. आईंच्या कपाळाला हात लावला, तो घामानं ओला झाला. त्यांनी शेवटचं कधी खाल्लं, तिनं विचारलं. काल रात्री, मी म्हटलं. साखरेवरची गोळी घेतली? घेतली. साखर मोजायचं यंत्र? होतं, कपाटात, सीलबंद. तिनं फोडलं, बोट टोचलं. आकडा आला दोन पॉइंट एक, इथल्या मापात तो चारच्या वर हवा. आई अजून गिळू शकत होत्या, म्हणून तिनं ऑरेंज ज्यूसमध्ये साखर ढवळून घोट घोट पाजला आणि मला ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला.

दहा-पंधरा मिनिटांनी आईंनी डोळे नीट उघडले. पहिलं वाक्य काय? “सूनबाई, या बाईला बूट काढायला सांग. आणि मला काय पाजलंत? उपास मोडला ना!” मी रडत होते आणि हसतही होते.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिनं माझ्याकडून सगळी औषधं टेबलावर मांडून घेतली. मग इथलं, अजून न फोडलेलं, आणि पुण्याचं, अशी दोन खोकी शेजारी ठेवून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. नावं दोन, औषध एकच. मी त्यांना दुप्पट डोस देत होते, आणि गुरुवारी तर तोही रिकाम्या पोटी. बी.एस्सी. केमिस्ट्री! ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “यू शुड हॅव आस्क्ड अस.”

गोळीचा असर बराच वेळ राहतो म्हणून आईंना दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. अकरापैकी सातच गोळ्या उरल्या. नव्या गोळ्या केमिस्टच वार आणि वेळ लावून भरून देऊ लागला, पुण्याची खोकी मी त्याच्याकडेच नेऊन दिली. जीपीनं उपाशी राहायला बंदी केली. आई त्याच्याशी तावातावानं भांडल्या, आणि शेवटी आपणच देवाशी बोलून गुरुवारी दोन वेळा जेवायला लागल्या. पुढे चार वर्षं जगल्या, एकदाही पडल्या नाहीत.

शेजारच्या बाईंना मी नंतर विचारलं, त्या दिवशी कुठे होतात? त्या म्हणाल्या, कुठे म्हणजे, घरीच, खिडकीपाशी विणत बसले होते, बेल वाजलीच नाही. यावर माझं काही म्हणणं नाही. बेल बिघडली असेल, कान गेले असतील. मी त्या दिवसापासून देवाशी भांडणं सोडलं, एवढं मात्र खरं.

‘माझ्याच्यानं होत नाही’ हे वाक्य मी देवापुढे तेवढं म्हणायचे. माणसांपुढे ते म्हणायला मला फार वर्षं लागली. शरण जाणं म्हणजे डोकं टेकणं, असं समजत होते. ते सोपं असतं हो. आपलं चुकत असेल, जरा बघता का, असं दुसऱ्याला म्हणणं अवघड.

आता मी स्वतः आठ गोळ्यांची धनीण आहे. माझी सून इथेच जन्मलेली, तिचं मराठी ऐकून हसू आवरत नाही. परवा माझा ड्रॉवर उपसत म्हणाली, “आई, हा गोळी कोणी दिला तुम्हाला? आणि ही चूर्ण? डॉक्टरला टेल केलं का?” मैत्रिणीनं दिलेलं गुडघ्याचं चूर्ण. छानपैकी खोटं बोलावं असं मनात आलं होतं. तरी काढून तिच्या हातात ठेवलं.

“अजून काय लपवलंय?” तिनं विचारलं.

मी पर्स उघडून तिच्यापुढे उपडी केली. मग देवापुढे जाऊन बसले, तर मागण्यासारखं काही आठवेना.