आईच्या गुडघ्यांना मी बाबांचा कागद दिला

माझ्या आईला मी आळशी म्हणाले होते. चारचौघांत.

आणि मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे हेच माझं रोजचं काम.

आज आईला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध आटपून आत्ताच उरणहून सीवूड्सला आलेय, अजून साडी पण बदललेली नाही. आत्ताच लिहिते, नंतर धीर होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आई आमच्या गावची धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही.

ती जमिनीवर बसून गायची. दोन-दोन तास. कुणी खुर्ची पुढे केली की चिडायची.

"खुर्चीवर बसून काय धवलं गातान गो? मी काय पाहुनी हाय?"

मग गुडघे गेले. आईचे आणि बाबांचे, दोघांचेही एकाच वर्षी. एक्स-रे शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते सांगता येऊ नये, इतकी सारखी झीज.

मी एकच कागद प्रिंट केला आणि गावच्या घरी फ्रिजवर चिकटवला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळून खाली दाबा, दहा मोजा, सोडा. दिवसातून दोनदा. दोघांनीही.

बाबा सहा महिन्यांत टकाटक. मच्छी आणायला बाजारात पायी जायला लागले. गावभर माझं कौतुक.

आई तिथेच. खरं तर आधीपेक्षा वाईट.

एकदा फोनवर म्हणाली, "पाय गच्च होतो तो सुटतच नाय गो. उभी रायली तरी गच्च, बसली तरी गच्च."

मी काय म्हणाले माहितीय? "चांगलंय की! गच्चच हवा. अजून आवळ."

पेशंट स्वतःच्या तोंडाने दुखणं सांगत होती, आणि मी एका हाताने भाजी फोडणीला टाकत होते. दुसऱ्या कुणाची आई असती तर क्लिनिकमध्ये बोलावून, झोपवून, हात लावून तपासलं असतं. स्वतःच्या आईला फोनवरच निपटवलं.

मग माझ्या भावाचं लग्न ठरलं.

गावातल्या सगळ्यांच्या पोरांसाठी आई गायली होती. आता स्वतःच्या पोरासाठी गाणार म्हणून वर्षभर नाचत होती.

लग्नाच्या चार दिवस आधी तिने जमिनीवर बसून बघितलं. बसली कशीबशी. उठवायला दोघी लागल्या. शेवटी शेजारच्या गावातून धवलारीण बोलवावी लागली.

तेव्हाच मी आत्या, काकी सगळ्यांसमोर बोलले, "बाबांचं बघा. सांगितलं ते केलं, बरे झाले. हिला नुसतं सांगायचं. आळशी आहे एक नंबरची."

सगळ्या हसल्या. आई पण हसली.

"हा गो," म्हणाली. "हाय मी आळशी."

हळदीला ती बाजूला खुर्चीत बसली होती. दुसरी धवलारीण गात असताना आपण गायचं नाही, हे तिचं तत्त्व. फक्त ओठ हलत होते. माझ्याकडे व्हिडिओ आहे. मी तो परत बघू शकलेले नाही.

चार महिन्यांनी हार्ट अटॅक. सकाळी सकाळी. हॉस्पिटलपर्यंतही पोचली नाही.

ती गेल्यावर आमच्या क्लिनिकमध्ये ईएमजीची मशीन आली. मांडीवर छोट्या चिकटपट्ट्या लावायच्या, पेशंटला चालवायचं. स्नायू किती राबतोय ते स्क्रीनवर रेघेने दिसतं.

पुरुष पेशंटची रेघ बहुतेक वेळा वर जायची आणि पाऊल उचललं की खाली यायची. तेवढीच झीज असलेल्या कितीतरी बायकांची रेघ खाली यायचं नावच घेत नव्हती. मांडीचा पुढचा स्नायू पण ताणलेला, मागचा पण, एकाच वेळी. दुखरा गुडघा दोन्ही बाजूंनी आवळून धरलेला. साधं चार पावलं चालायला होती नव्हती ती सगळी ताकद लागत होती.

सगळ्याच बायकांचं असं असतं असं नाही. पण वाचायला बसले तर या फरकाबद्दल बरंच लिहिलेलं सापडलं. मीच कधी शोधलं नव्हतं.

आईचं नेमकं हेच होतं का? माहीत नाही. तिला मशीन लावलीच नाही ना. पण तिने सांगितलं होतं. मशीन नव्हती तेव्हाही तिने स्वच्छ सांगितलं होतं. तिला आधी पाय सैल सोडायला शिकवायला हवं होतं, आवळायचं नंतर. आणि मी आवळायलाच लावत राहिले.

आज पूजेला बाबा जमिनीवर बसले आणि कशाचाही आधार न घेता उठले. आत्या लगेच म्हणाली, "पोरीनं बापाला उभा केला बघा. वयनीनं पन केला असता तर..."

बाबा कधी मध्ये बोलत नाहीत. आज बोलले.

"ती माज्यापेक्षा जास्ती करायची. दोनदा सांगितलेला, ती चारदा करायची. दुपारी मी झोपलो का परत टॉवेल घेऊन बसायची."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं, बाबा?"

"तिनंच सांगू दिला नाय. बोलायची, गुन येत नाय असा पोरीला कललं, तर तिला वाटंल आपला शिक्षन फुकट गेला. त्यापेक्षा आळशी बोलली तर बोलू दे."

मी ताटं वाढायची सोडून मागच्या पडवीत गेले आणि मोठमोठ्याने रडले.

आई, शिकलेली मी होते, पण समजून तू घेतलंस. माझं चुकलं गं.

तुझ्या पाया पडते.