शेपटीवरचं पॉलिश

माझे मामा फर्निचरला पॉलिश करायचे. दारं, कपाटं, जेवणाची टेबलं, बँकेचे काउंटर, एकदा तर एका डॉक्टरांचा लाकडी हत्तीसुद्धा. त्यांच्या कामाची खूण एकच: समोर उभं राहिलं की आपला चेहरा दिसला पाहिजे. "यात बघून भांग पाडता आला नाही तर सांगा, परत करून देतो," असं ते गिऱ्हाइकाला छातीठोक सांगत.

साठी ओलांडल्यावर ते एका फ्लाइंग क्लबच्या ऑफिसची दारं करायला गेले. तिथल्या शेडमध्ये कुणीतरी घरी बांधायला घेतलेलं विमान अर्धवट उभं होतं. विमानाच्या पंखात काय असतं, हा प्रश्न मामांना तोवर पडलाच नव्हता. त्यांनी वाकून आत पाहिलं. पातळ पट्ट्या, बारीक आडवे तुकडे, चिकटवलेले सांधे, बाकी सगळी पोकळी. त्यांनी टिचकी मारली आणि आवाज ऐकत राहिले. घरी आल्यावर मामीला म्हणाले, "अगं, विमान म्हणजे आडवं कपाट असतं. आतून रिकामं!"

"मग करा एखादं. कपडे ठेवायला जागा नाहीच आहे," मामी म्हणाली.

तिनं हे थट्टेत म्हटलं होतं. मामांनी ड्रॉइंग मागवली.

विमान एका माणसाचं, लाकडी. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक इवलंसं, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसलेल्या कुत्र्यासारखं दिसे. मामांच्या पॉलिशच्या शेडमध्येच ते वाढू लागलं. कुणी वयाचा विषय काढला की मामा म्हणत, "जुनं लाकूडच चांगलं. मुरलेलं असतं, वाकत नाही."

"आणि कुणाचं ऐकतही नाही," मामी आतून पुस्ती जोडायची.

मधल्या काळात ते क्लबमध्ये विमान चालवायलाही शिकले. शिकवणारा त्यांच्या धाकट्या लेकीपेक्षा लहान होता. मामा त्याला 'सर' म्हणत आणि तो मामांना 'काका'. रीतसर परीक्षा देऊन मामा पास झाले. आता फक्त स्वतःचं विमान हवेत न्यायचं राहिलं होतं.

त्या विमानाची शेपटी सगळ्यात आधी तयार झाली होती. पंखांचं प्लायवूड उशिरा आलं, इंजिनाची तर वाट बघता बघता डोळे शिणले. मामांना रिकामं बसणं जमत नाही. प्लायवूड आलं नाही? शेपटीला पॉलिशचा एक हात. इंजिन लांबलं? अजून एक हात. घासायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा हात द्यायचा. त्यांच्या धंद्यात याला कुणी चूक म्हणत नाही. जास्तीचे हात दिले म्हणून आजवर कुठलं कपाट कोसळलं नाही.

शेवटी विमान उभं राहिलं आणि तपासनीस बाई आल्या. त्यांनी शेपटीसमोर थांबून खरोखर केस सारखे केले. "काका, आरसा सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "आता वजन करू."

तिन्ही चाकांखाली काटे ठेवले, शेपटी उचलून विमान आडवं केलं. बाईंनी आकडे घेतले, आकडेमोड केली, पुन्हा केली. मग पेन खिशात ठेवलं.

"शेपटी जड आहे. हे असं उडवता येणार नाही."

"कितीशी जड असेल? वर नुसतं पॉलिश तर आहे!"

"तेच तर." बाईंनी एक पट्टी बोटावर तोलून धरली. "विमान इथं, मधे तोललेलं असतं. शेपटी किती लांब आहे बघा. तिथं किलोभर वाढलं, तर तोल सांभाळायला नाकाकडे तीन-चार किलो घालावे लागतात. नाही घातले तर वर गेल्यावर नाक आपोआप उचललं जाईल, वेग मरेल, आणि मग तुम्ही चालवायची दांडी कितीही पुढे ढकला, नाक खाली यायचं नाही. विमान मात्र येईल."

"नाकात शिसं घालू," मामा म्हणाले.

"घाला. पण मग एकूण वजन इतकं वाढेल, की चालवणारा पन्नास किलोच्या आतला हवा."

मामांचा देह चांगला दणकट. सगळ्यांची नजर कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या मामीकडे गेली.

"माझ्याकडे काय बघताय? मी स्टुलावर चढत नाही!"

म्हणजे एकच वाट उरली, शेपटीवरचं पॉलिश उतरवायची. रसायन लावलं तर सांधे सुटण्याची भीती, गरम हवा मारली तर पातळ प्लायवूड सुटणार. हातानं घासायचं. आणि प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्यापलीकडे घासलं गेलं तर शेपटीच बाद.

मामा फुरंगटून बसले. "उघडंबोडकं लाकूड लोकांसमोर नेऊ?"

"अहो, लोक खाली असणार आणि तुम्ही वर," मामी म्हणाली. "दिसणार कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मामांनी पॉलिशपेपर हातात घेतला. जन्मभर थरावर थर चढवणारा माणूस आता उतरवत होता. चेहरा पुसट झाला, मग गेला. मामीनं खाली चादर अंथरली आणि पडलेली भुकटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकली. "अगबाई, एवढं?" असं म्हणत ती स्वतःच दुसऱ्या बाजूनं घासायला बसली. लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसू लागल्या तसे मामा सारखे थांबून बोटांच्या टोकांनी चाचपू लागले. मामीलाही ते बजावत, "बास, तिथं बास." मग पाण्यापासून बचावापुरता एकच पातळ हात दिला आणि डबा बंद केला.

बाईंनी पुन्हा वजन केलं आणि सही केली.

वारा पडलेल्या एका सकाळी विमान धावपट्टीवर उभं राहिलं. पंख झगझगीत, शेपटी सुकलेल्या पावासारखी. क्लबातल्या एकानं विचारलंच, "काका, मागचं करायचं राहिलं का?" मामांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

विमान धावू लागलं. आधी शेपटी अलगद वर आली, मग पुढची चाकं सुटली. नाक मात्र आपोआप उचललं गेलं नाही. मामीनं बाईंचं मनगट घट्ट धरलं होतं, ते विमान एक फेरी मारून खाली टेकेपर्यंत सोडलं नाही. टेकताना एक उडी बसली, मग ते थांबलं.

"कसं वाटलं काका?" बाईंनी विचारलं.

मामांचे डोळे चमकत होते. "वर गेल्यावर दांडी सोडून बघितली. मी काहीच करत नव्हतो बाई. आपलं आपण सरळ चाललं होतं."

"सोडून?" मामी पुढे आली. "अहो, इथं माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही तिथं दांडी सोडून बसला होतात?"