दाजींचे इंग्रजी सिनेमे

आमच्या दाजींइतकं खरं लिहिणारा आणि त्यांच्याइतकं खोटं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नव्वदच्या दशकात मी कॉलेजसाठी अवसरीहून ओतूरला आलो आणि अक्काच्या घरी तीन वर्षं राहिलो, तेव्हा हा माणूस मला जवळून बघायला मिळाला. ते भाषांतरकार होते. पुण्याच्या एका ऑफिसातून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर त्यांना जाड पाकिटं यायची. आत इंग्रजी कागद असत. कीटकनाशकाच्या बाटलीसोबतची माहितीपत्रकं, पाण्याच्या मोटारीची पुस्तिका, विम्याचे फॉर्म. दाजी ते मराठीत लिहून परत पाठवायचे. गल्लीतल्या लोकांना या कामाचं नाव नीट सांगता येत नसे, म्हणून सगळे त्यांना ‘लिखापडीवाले’ म्हणत.

शब्दाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. मोटारीच्या पुस्तिकेतला एखादा भाग अडला, की शब्दकोश मिटून ते सरळ जळालेल्या मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात जात, चित्रावर बोट ठेवत आणि विचारत, “याला तुम्ही काय म्हणता?” मिस्त्री म्हणायचा, “पंखा म्हंतो राव, अजून काय म्हणायचं?” दाजी पंखा लिहीत. पुण्याच्या ऑफिसानं एकदा तो पंखा खोडून तिथं चार अक्षरांचा संस्कृत शब्द घातला, तर दाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुण्याला गेले आणि पंखा परत बसवूनच आले. औषधाचं पत्रक पुरं झालं, की ते चावडीपुढच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवत आणि विचारत, “आता सांगा, फवारणी झाल्यावर पहिलं काय करणार?” कुणी “बिडी पेटवणार” म्हणालं, की कागद घेऊन घरी येत आणि ती ओळ पुन्हा लिहीत.

एका सकाळी पाकीट पुण्याच्या गाडीत देऊन ते घरी आले, चहाची बशी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. एका वाक्यात ‘नये’ लिहायचं राहिलं होतं. पत्रक विषारी औषधाचं होतं. दाजी पायात चप्पल न घालता धावले, कांद्याचा एक टेंपो थांबवला आणि गोण्यांवर बसून नारायणगावपर्यंत गेले. स्टँडवर ड्रायव्हर चहा पीत होता. दाजींनी पाकीट फोडलं, खिशातल्या पेनानं ‘नये’ घातला आणि संध्याकाळी पायाला फोड घेऊन परत आले. अक्का तेल लावता लावता म्हणाली, “एका शब्दासाठी एवढं?” दाजी म्हणाले, “तो शब्द नसता तर कुणीतरी प्यायला असता.”

हाच माणूस संध्याकाळी मात्र बेधडक थापा मारायचा.

इंग्रजी कानावर राहावं म्हणून दाजी भाड्यानं कॅसेटी आणून घरच्या टीव्हीवर इंग्रजी सिनेमे लावत. रविवारी विहारातली वंदना आटोपली, की अर्धी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची. दाजी टीव्हीशेजारी स्टुलावर बसत आणि सिनेमा मराठीत सांगत. पडद्यावरचा गुंड लाल होऊन दोन मिनिटं आईबहिणीवरून ओरडला, की दाजी शांतपणे म्हणत, “तो म्हणतोय, हे तुम्ही बरं केलं नाही.” कुणी कुणाला मिठी मारली, की “लग्न ठरलंय त्यांचं, कालच सुपारी फुटली.” आणि दाजींच्या सिनेमात कधीच कुणी मरत नसे. गोळी लागलेला माणूस चक्कर येऊन पडे, त्याला पुढच्या दवाखान्यात हलवलेलं असे. एकदा काळे कपडे घातलेली माणसं पावसात एका खड्ड्याभोवती उभी होती. दाजी म्हणाले, “विहीर खणतायत.” शेजारच्या मावशींनी विचारलं, “मंग रडत्यात कामून?” दाजी क्षणभरही अडखळले नाहीत. “पाणी लागलं न्हाई.” सगळी खोली हळहळली.

मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. कागद आवरत ते म्हणाले, “पावणं, आमची छकुली गेली त्या वर्षी एक सिनेमा लावला होता. त्यात एक लेकरू गेलं. मी जसंच्या तसं सांगितलं. तुमची अक्का उठून आत गेली, ती दोन दिवस जेवली नाही.” एवढं बोलून ते कामाला लागले.

पुढं बऱ्याच वर्षांनी अक्काच्या छातीत गाठ निघाली. तिचा तुकडा पुण्याला तपासायला दिला होता. रिपोर्ट आणायला दाजी एकटे गेले, डॉक्टर दोन दिवसांनी भेटणार होते. मी तेव्हा ओतूरलाच आलो होतो. संध्याकाळी दाजी घरी आले, पाकीट शर्टाच्या आत होतं. “साधी गाठ आहे,” ते म्हणाले. “औषधानं जाईल.”

अक्का भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

“अवो, विहीर खणायचं सांगू नका. कागदावर हाय तसं सांगा.”

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुला…”

“मला काय डोळं न्हाईत? माणूस मेलेला दिसतो की. तुमी एवढं जीव तोडून सांगायचा, म्हणून ऐकत व्हते.”

दाजी उठले, चष्मा लावला, रेघी कागद घेतला आणि टेबलाशी बसून तो रिपोर्ट मराठीत लिहायला लागले, रोज लिहीत तसाच, एकेक शब्द शब्दकोशात बघून. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. मग त्यांनी वाचून दाखवलं. गाठ कर्करोगाची आहे. आकाराने लहान आहे. पुढील तपासण्या लवकर कराव्यात.

“पुन्यांदा वाचा,” अक्का म्हणाली. त्यांनी पुन्हा वाचलं.

“ल्हान हाय म्हनं ना,” ती म्हणाली. “मग लवकर जाऊ.” आणि भाकऱ्या संपवायला आत गेली. दाजी तिथंच बसून रडले.

ऑपरेशन झालं. मग कितीतरी महिने पुण्याच्या फेऱ्या. दवाखान्यात अक्काच्या खाटेशेजारी दाजी रेघी कागद घेऊन बसत. एकदा पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी आपला रिपोर्ट पुढं केला, दाजींनी तो लिहून दिला. मग वॉर्डातले बाकीचेही यायला लागले. कुणी खेडचं, कुणी घोडेगावचं, कुठली कुठली माणसं होती. दाजी त्यांना सगळं कागदावर होतं तसंच सांगत, पण सांगताना त्यांच्या हातावर हात ठेवत. डॉक्टरांना काय विचारायचं, तेही खाली लिहून देत. अक्का मला म्हणाली, “मी बरी व्हतेय, पन ह्यांचं काम काय संपंना.”

ती बरी झाली. केस परत आले, ते पांढरे आले.

नंतर घरोघरी डिश आली, इंग्रजी सिनेमे हिंदीतून दिसायला लागले आणि गल्ली आपापल्या घरी बसायला लागली. गेल्या दिवाळीत मी गेलो, तेव्हा संध्याकाळी पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. पडद्यावर दोन माणसं इंग्रजीत बोलत होती. दाजी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, चष्मा नाकावर घसरलेला. अक्का एकटीच बघत होती.

“काय म्हणतोय गं तो?” मी विचारलं.

“मला काय कळतंय,” ती हळूच म्हणाली. “पन त्यांना उठवू नगंस. दिवसभर लिहीत व्हते.”

तिनं त्यांचा चष्मा अलगद काढून पदरानं पुसला, मांडीवर ठेवला आणि टीव्हीचा आवाज अजून थोडा कमी केला.