बियाच्या शेंगा

शेंगांच्या टरफलांचा मातकट वास आला, की मिरजेच्या दवाखान्याचा व्हरांडा आठवतो. इंग्रज अजून जायचे होते. आईच्या छातीत गाठ हाताला लागली होती. रहिमतपूरहून रेल्वेनं निघताना तिनं पेरणीच्या शेंगांची पिशवी बरोबर घेतली. "रिकामं बसलं की डोस्कं फिरतं," म्हणाली. फिनेलच्या वासात ती अंगठ्यानं शेंगा फोडू लागली. शेजारच्या बायकांनीही हात लावला. त्याही तपासून घ्यायलाच आलेल्या. मी एक दाणा उचलला, तर आईनं चापट मारली. "बियाचं हाय ते!" मग तिला आत बोलावलं आणि सगळ्या बायकांचे हात थांबले. बऱ्याच वेळानं ती पदर सावरत बाहेर आली. "साधी गाठ हाय म्हणल्या डाक्टरीणबाई," म्हणाली आणि ओंजळी भरभरून दाणे वाटत सुटली. "खावा गं, घरात लय हाय बी." घरात दुसरं बी नव्हतं. आज माझ्या गाठीसाठी तपासणीच्या खोलीबाहेर मी बसले आहे, मांडीवर शेंगा घेऊन. ढीगभर दाणे सोलून झालेत. तोंडात मात्र अजून एकही टाकलेला नाही.