मारोतीमामांचा ट्रॅक आणि माझी सही

रविवारी सकाळी शाळेच्या क्लार्कचा फोन आला तेव्हा मी बागेतल्या बाकावर बसलो होतो. मारोतीमामा गेले, गंगाखेड रोडला उसाच्या ट्रॉलीखाली आले, एवढंच तो बोलला आणि रडायला लागला. माझ्या शेजारी रोज फिरायला येणारी आमची मंडळी होती. "कोण हो सर?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं. "आमच्या शाळेतले शिपाई," मी म्हणालो. मला सायकल चालवायला शिकवणारा माणूस, असं म्हणायला हवं होतं. दीड महिना झाला, मी दिलेलं ते उत्तर अजून टोचतं...

आमच्या गावच्या बागेत आत, झाडांच्या कडेकडेनं, मुरमाची एक गोल वाट होती. पायी चालण्यासाठीच केलेली असावी, पण मी आठवीत या शाळेत आलो तोवर ती सायकलींची झाली होती, आणि ती मारोतीमामांनी केली होती. मामा मेंढरं राखणाऱ्या घरातले. लहानपण सगळं कळपामागं चालण्यात गेलेलं, शिपायाची नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सायकल हाती आली. "चालून चालून पाय घट झालते, सायकल लय हलकी वाटली मला," असं ते सांगायचे. शाळा सुटली की घंटेची हातोडी जागेवर ठेवून, शाळेचाच खराटा खांद्यावर टाकून ते बागेत यायचे. वाट झाडायचे, खड्ड्यात मुरूम भरायचे, पाणी मारून धुमसानं ठोकायचे. दोन्ही वळणांना बाहेरच्या अंगानं माती चढवून उतार दिलेला, म्हणजे वेगात वळताना सायकल घसरत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की दरवर्षी त्या ट्रॅकवर शर्यत व्हायची. सोनपेठची पोरं यायची, गंगाखेडची यायची, चुडाव्याचा एक गडी तर सायकल रेल्वेत घालून आणायचा आणि शर्यतीनंतर मामांच्या घरी भाकरी खाऊन परतीची गाडी धरायचा. कुंपणाला गर्दी, झाडांवर पोरं. मी वसतिगृहात राहायचो, माझ्याकडं सायकल नव्हती. मामांनी त्यांची बावीस इंची काळी सायकल मला दिली. मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, सीट वर केली आणि म्हणाले, "रघ्या, कळपात राहायचं. पर कळपाच्या शेपटाला न्हाई. दुसऱ्याच्या मागं दम राखायचा आन् शेवटच्या वळणाला बाहीर पडायचं." त्या वर्षी मी दुसरा आलो. पुढची दोन वर्षं पहिला. माझी सायकल म्हणून लोक जिच्याकडं बोट दाखवायचे ती मामांची होती आणि शर्यतीच्या महिनाभर आधीपासून मामा घरून शाळेत पायी यायचे. हे तेव्हा मला दिसायचं, पण त्याचं काही वाटायचं नाही.

पुढं मी शिकलो, त्याच शाळेत शिक्षक झालो. शाळेत मामा मला सर म्हणायला लागले. मी म्हणालो, मामा, असं नका म्हणू. तर हसून म्हणाले, "शाळेत सर. ट्रॅकवर रघ्याच हायस तू." आणि ते त्यांनी पाळलं. मस्टर घेऊन वर्गात आले की "सर, सही," आणि संध्याकाळी बागेत दिसलो की "रघ्या, लय दिवसानं आलास." हळूहळू माझं संध्याकाळचं जाणं बंदच झालं. संसार, शिकवण्या, मग गुडघा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी पुन्हा बागेत जायला लागलो ते सकाळी, आणि सायकलशिवाय. तिथं एक डॉक्टर, एक वकील, दोन व्यापारी असा घोळका रोज बाकावर बसायचा. त्यांनी मला सरकून जागा दिली. खोटं कशाला सांगू, मला ती जागा फार आवडली. ज्या पोरानं बापाच्या दीड एकरावर निंदणी केली, त्याला वकीलसाहेब "या सर, बसा" म्हणायचे...

मामांची पोरं, म्हणजे शर्यतीसाठी ते तयार करत ती शाळेतली मुलं, तेव्हा सकाळीही ट्रॅकवर असायची. पाच जणं होती. त्यातली सविता नववीत, आईबाप मजुरीला जाणारे. पण वळणावर ती असं काही सायकल झुकवायची की मला माझे दिवस आठवावेत. एका सकाळी वकीलसाहेब फोनवर बोलत बोलत ट्रॅकच्या मधोमध आले. सवितानं ब्रेक दाबला, सायकल बाजूला ओढली, तरी हँडल लागलं. ते पडले, मनगट सुजलं. सविताचे दोन्ही गुडघे फुटले होते, पण ती उठून आधी त्यांनाच उचलायला धावली. मी दहा पावलांवर होतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

आठवड्याभरात अर्ज तयार झाला. बागेत मुलं बेफाम सायकली चालवतात, ज्येष्ठांच्या जिवाला धोका आहे, तरी सायकलींना बंदी करून फिरण्यासाठी फरशीची वाट करावी. कागद माझ्यापुढं आला. वकीलसाहेब म्हणाले, "पहिली सही तुमची पाहिजे सर. तुम्ही इथले जुने चॅम्पियन, तुमच्या सहीला वजन आहे." सगळे माझ्याकडं बघत होते. मी वाचल्यासारखं केलं आणि सही केली. नावाखाली हुद्दाही लिहिला. मला कुणी धमकावलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. बाकावरची जागा जाईल, एवढीच ती भीती.

अर्ज मंजूर झाला. मुरूम उकरला गेला, फरशा बसल्या, फाटकात सायकल आत नेता येऊ नये असे लोखंडी दांडे आले. त्याच दिवसांत एका दुपारी मामा माझ्या घरी आले. कधी न येणारे. मी खुर्ची दिली, ते दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"नगरपालिकेत गेलतो सर," ते म्हणाले. "कागद पाहिला."

बायकोनं चहा आणून ठेवला.

"सही वळखू आली मला. रोज मस्टरवर पाहतो की. तरी वाटलं, कुणी तुमच्या नावानं केली आसंल."

"मामा, कुणाला जास्त लागलं असतं म्हणजे... म्हातारी माणसं असतात."

"व्हय." त्यांनी कप हातात घेतला. "पर तुमी व्हता की तिथं. सवितीनं त्यानला पाडलं का तेच मधी आले?"

मला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. मी म्हणालो, "बघतो मामा. बोलून बघतो."

त्यांनी चहा संपवला, माझी बायको नको नको म्हणत असताना कप मोरीत नेऊन विसळला आणि निघाले. "येतो सर." त्या घरात शाळा नव्हती. तरी ते मला सर म्हणाले, आणि त्यानंतर मी त्यांच्या तोंडून रघ्या कधी ऐकलं नाही.

मी कुणाशी बोललो नाही. ट्रॅक गेला म्हणून मामा दर रविवारी पोरांना गंगाखेड रोडला न्यायला लागले. शाळेच्या फाटकातून उजाडताना निघायचे आणि एरवी शाळेत प्रार्थना होते त्या सुमाराला परत यायचे. एकदा मधल्या सुट्टीत ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "रस्त्याला वाहनं लय जायलीत. रईवारी कुणी मोटारसायकल घेऊन पोरांच्या मागं आलं आसतं, तर बरं झालं आसतं." ते कुणा एकाकडं बघून बोलले नाहीत. माझ्या घरी मोटारसायकल आहे. मी वह्या तपासत राहिलो. त्या वहीतलं शुद्धलेखन मला अजून आठवतं, इतकं मन लावून मी ते तपासलं.

उसाचा हंगाम, पहाटेचं धुकं. पोरांनी नंतर सांगितलं ते असं: मामा सगळ्यांच्या मागं, वाहनांच्या बाजूनं सायकल चालवत होते. मागून ट्रॅक्टर आला, त्याला दोन ट्रॉल्या. पहिली निघून गेली, दुसरी हेलकावे खात कडेला आली. मामा ओरडले, "खाली उतरा, मातीत उतरा." पोरांनी सायकली रस्त्याखाली घातल्या. सविता रस्त्यावरच राहिली होती. मामांनी स्वतःच्या सायकलनं तिला धक्का देऊन ढकललं. ती बाभळीत पडली, खरचटण्यापलीकडं तिला काही झालं नाही...

शाळेत शोकसभा झाली, तिथं बोलायला मलाच उभं केलं. मामा म्हणजे ट्रॅकचा जीव, त्यांच्यामुळं मी घडलो, असं मी बोललो. बायकांनी डोळ्याला पदर लावले. सविता पहिल्या रांगेत होती. ती रडत नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिला सगळं माहीत होतं, पाचही पोरांना माहीत होतं. सहीबद्दल मी त्या दिवशी अवाक्षर काढलं नाही. ते आज इथं लिहितो आहे. नगरपालिकेत जाऊन सही मागं घेतो म्हणालो, तर तिथला माणूस समजुतीनं म्हणाला, "सर, काम होऊन चार महिने झालेत." ट्रॅक पुन्हा व्हावा असा अर्ज मी दिला आहे. बाकावर मी आता जात नाही. पण हे सांगून मला सुटका मागायची नाही, तसा हक्क माझा नाही.

गेल्या आठवड्यात नवा शिपाई येणार म्हणून मामांची खोली रिकामी करायला मुख्याध्यापकांनी मला सांगितलं. जिन्याखालची खोली ती. खराटा, चुन्याची फक्की, सायकलचा पंप. खिळ्याला कॅलेंडर, त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. रविवारच्या प्रत्येक चौकोनात मामांच्या वळणदार नसलेल्या अक्षरात लिहिलेलं: पाच गेले, पाच आले. निघताना अर्धं लिहायचे, परतल्यावर अर्धं. स्वतःला त्यात धरलेलं नव्हतं. शेवटच्या रविवारी नुसतं "पाच गेले" एवढंच होतं.

मी पेन्सिल हातात घेतली, मग सोडून दिली. मधल्या सुट्टीत सविताला बोलावलं. ती दारातच थांबली. मी बाजूला झालो. तिनं तो चौकोन वाचला. मग पेन्सिल उचलून, शाळेत गिरवतात तशा स्वच्छ अक्षरात तिनं पुढं लिहिलं, "पाच आले". पेन्सिल हळूच खाली सोडली, माझ्याकडं न बघता बाहेर पडली आणि वर्गाकडं गेली.