कुणाच्याच नावावर नसलेली पट्टी

मोजणीदारांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण टेप काही हातातून सुटली नव्हती. उभं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं. भांडणाऱ्या दोन भावांच्या मधे उभं राहायचं, आकडा पुढे करायचा आणि गप्प बसायचं. घरातही तेच. ‘आज गारवा आहे नाही?’ असं बायको म्हणाली, की हे आधी थर्मामीटर बघणार आणि मग हो म्हणणार. काय म्हणावं अशा माणसाला!

बायको एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस रागावलाय की रडून आलाय, हे तिला कळायचं. आकडे तिला कधी लागले नाहीत.

मुलीने निवृत्तीची भेट म्हणून दोन बुकशेल्फ स्पीकर दिले. वीतभर रुंद, हातभर उंच, दिसायला गोजिरवाणे. तेव्हापासून नेम ठरला. संध्याकाळी पाच वाजता दोन खुर्च्या, दोन कप चहा आणि एका जाड आवाजाच्या गायकाची जुनी गाणी. लग्नानंतर हे कायम दौऱ्यावर, ती कायम पाळीवर; रोज असं शेजारी बसणं या वयात पहिल्यांदाच जमत होतं. मोजणीदारांना ते फार आवडायचं. बोलून दाखवतील तर शपथ!

मग सुख टोचायला लागलं. स्पीकरसोबत आलेल्या कागदावर त्यांनी वाचलं, की हे स्पीकर साठ हर्ट्झच्या खाली, म्हणजे अगदी खोल खर्जात, उतरत नाहीत. “म्हणजे त्याच्या खालचं गाणं आपल्याला मिळतच नाही!” ते असे चिडले, की जणू कुणी त्यांच्या शेतात कुंपण घातलंय. आठवड्याभरात सबवूफर घरी आला. स्टुलाएवढं काळं खोकं, काम एकच, खालचे घुमणारे सूर वाजवायचे. त्याला कोपऱ्यात, पडद्यामागे जागा मिळाली.

आता अॅम्प्लिफायरमध्ये क्रॉसओव्हर नावाची सोय असते. म्हणजे हद्दच म्हणा ना. या आकड्याच्या वरचे सूर छोट्या स्पीकरांनी वाजवायचे, खालचे खोक्याने. हद्दीचं काम म्हटल्यावर मोजणीदारांच्या अंगात आलं. छोट्यांवर ताण नको, म्हणून तिथे त्यांनी एकशे दहा लावले. मग खोक्याच्या पाठीवरही तसलंच एक बटण सापडलं. कागद सांगत होता साठ, म्हणून तिथे साठ. दोन्ही आकडे वहीत लिहून खाली रेघ मारली.

पहिल्याच संध्याकाळी बायकोने कप खाली ठेवला. “अहो, या माणसाचं पोट कुठे गेलं?”

“कुणाचं?”

“गाणाऱ्याचं. डोकं आहे, पाय आपटतोय, मधे काहीच नाही.”

“अगं, कानांना सवय व्हायचीय तुझ्या,” असं म्हणून त्यांनी खोक्याचा आवाज वाढवला. कपाटातले ग्लास थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी ती आपला कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. “तुमचं चालू द्या,” एवढंच म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं.

मग मोजणीदारांनी शोध मांडला. स्पीकर चार बोटं पुढे, दोन बोटं आत, पडदा उघडा, पडदा बंद. सगळं तारखेसह वहीत. कुठेतरी त्यांनी वाचलं, की खोकं ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवावं आणि आपण भिंतीकडेने रांगावं. जिथे घुमणं एकसारखं ऐकू येईल, तीच खोक्याची जागा. झालं! एका दुपारी खोकं बायकोच्या खुर्चीत विराजमान झालं आणि हे महाशय जमिनीला कान लावून, बूड वर करून रांगायला लागले.

ती दारात उभी राहिली. “काय हरवलंय?”

“जागा शोधतोय.”

“आणि माझ्या खुर्चीत याला का बसवलंय?”

“तिथे ऐकणारा बसतो ना, म्हणून.”

“ऐकणारी स्वयंपाकघरात आहे,” ती म्हणाली आणि गेली.

ते जिव्हारी लागलं. गुडघे चोळत त्यांनी खोकं खुर्चीतून उचलून कोपऱ्याऐवजी कपाटापासून लांब, समोरच्या भिंतीशी ठेवलं. ग्लास थरथरायचे थांबले, पण पोट काही परत आलं नाही. आणि खुर्ची रिकामीच.

शेवटी त्यांनी एकेक सुटा सूर वाजवून बघायचं ठरवलं, वरून खाली. मग आयुष्यात पहिल्यांदा आकडा सोडून दुसऱ्याचा कान मागितला. “अगं, तिथूनच सांगशील का? एकशे तीस!”

“आहे,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

“एकशे दहा?”

“आहे, पण लांब गेला.”

“ऐंशी?”

“लाइन कट.”

“पन्नास?”

“आला! पातेल्याचं झाकण वाजलं.”

त्यांनी वही उघडली. एकशे दहा. साठ. आणि ते बघतच राहिले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी शेजारशेजारची दोन शेतं हद्दीच्या दोन वेगळ्या दगडांपासून मोजली होती. मधे तेरा हात रुंद पट्टी उरली, कुणाच्याच नावावर नाही. साहेबाने सगळ्यांसमोर सालटी काढली होती.

“अरे देवा, तीच चूक!” ते मोठ्यांदा म्हणाले. छोट्यांना सांगितलं एकशे दहाच्या खाली जायचं नाही, खोक्याला सांगितलं साठच्या वर यायचं नाही. गाणाऱ्याचं पोट नेमकं मधल्या पट्टीत, आणि ती कसणारं कुणीच नाही!

त्यांनी खोक्याचं बटण पार वरच्या टोकाला फिरवलं, म्हणजे हद्दीबद्दल त्याचं मत संपलं. हद्द एकच, अॅम्प्लिफायरवर, ऐंशीची. मग खोक्याचा आवाज उतरवत उतरवत इतका खाली आणला, की ते वाजतंय की नाही याचीच शंका यावी.

पाच वाजता गाणं लावलं. हाक मारली नाही. धीरच झाला नाही. ती कप घेऊन दारात आली, अर्धं गाणं उभ्यानेच ऐकलं आणि मग येऊन बसली.

“आलं हो पोट! बरं केलंत, ते खोकं बंद केलंत.”

मोजणीदार उठले आणि त्यांनी खरोखरच खोकं बंद केलं.

“अहो, काय काढलंत? खोली ओकीबोकी झाली!”

“खोकंच. इतका वेळ चालू होतं.”

ती हसत सुटली. “आमचंही असंच असायचं. लाइन लागली की ऑपरेटर कुणाच्या लक्षात? आम्ही रजेवर गेलो की मग बोंबाबोंब!”

त्यांनी खोकं पुन्हा चालू केलं आणि वही तिच्या हातात दिली. तिने पानं उलटली. अकरा तारखा. प्रत्येक तारखेखाली बोटं, हात, हर्ट्झ. आणि प्रत्येक तारखेची शेवटची ओळ एकच: ‘ती आली नाही.’

तिने त्या अकरा ओळी बोटाने मोजल्या. मग पेन्सिल मागून घेतली आणि आजची तारीख घालून स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘आली. चहा गार झाला, तरी उठली नाही.’