कुंभकर्णाखालची सही

आम्ही कर्नलवर काम करतो म्हटलं की लोकांना लष्कर आठवतं. आमचा कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यात मागच्या मागे कामं उरकणारे थ्रेड असतात. काम नसलं की झोपतात. असे एकेचाळीस थ्रेड आमच्या ऑफिसातल्या काकांनी बावीस वर्षांत लिहिले. त्यातला एक जवळजवळ कधीच उठायचा नाही. त्याला आम्ही कुंभकर्ण म्हणायचो, आणि पुढे काकांनाही. काका हसायचे. त्यांना लागत असणार, पण आम्हाला काय त्याचं!

नव्या मॅडम आल्या आणि सुटसुटीतपणाचं वारं सुटलं. वेगवेगळे थ्रेड नकोत, एकच सामाईक ताफा ठेवा. जो मोकळा असेल तो काम करील, कमी पडले तर कर्नल नवे तयार करील. कल्पना चांगलीच होती. काकांनी स्वतःच्या हातांनी चाळीस काढले. "निम्मे ऐतखाऊच होते," म्हणाले. कुंभकर्णापाशी मात्र अडून बसले.

"वर्षभरात एकदा तरी उठलाय का हा?" मॅडमनी विचारलं.

"नाही. मेमरी पार संपली तरच उठतो. तेव्हा नवा थ्रेड तयार करायलाही मेमरी नसते. हा आधीपासून तयार असतो, म्हणून साठलेलं डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो."

"मग मेमरी संपवून दाखवा."

आमची चाचणीची मशीनं दांडगी. काकांनी तीन दिवस घाम गाळला, मेमरी काही संपेना.

"काका, कपातीची यादी माझ्याकडेच आहे," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "बसून खाणारं कुणी ठेवायचं नाहीये."

काकूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं, ऑफिसच्या विम्यावर. दुपारी काकांनी कुंभकर्ण काढला. त्याच्यावर त्यांनीच लिहिलेली ओळही पुसली: 'झोपू द्या. हात लावू नका.' बदलाखाली सही काकांची, तपासणारा मी. मला सगळं कळत होतं. तरी मंजूर केलं, कारण यादीत माझंही नाव असू शकत होतं.

चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या गोदामातली छोटी मशीनं एकामागून एक गोठली. मेमरी संपली होती. मॅडमनी कुंभकर्ण काढल्याची नोंद मागितली, मी मुकाट्याने काढून दिली. तीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. तोंडी धमकीखाली कोण सही करतं? तासाभरात काकांना घरी पाठवलं. कुंभकर्ण मी परत घातला, जसाच्या तसा.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"घातलास का रे त्याला परत?"

"घातला, काका."

"छोट्या मशीनवर बघितलंस?"

"हो. उठला."

"बरं झालं." मग विचारलं, "विमा कधीपर्यंत आहे, काही कळलं?"

"महिनाअखेरपर्यंत."

महिना संपायला दोन आठवडे होते.

"म्हणजे अजून सहा वेळा," काका म्हणाले.